आधी तिथी पाहा, मग वाट धरा

उत्रोलीतून समुद्र दिसत नाही. आपल्या भागातल्या चालणाऱ्यांची पावलेही सहसा राजगड-तोरण्याकडे, रायरेश्वराकडे नाहीतर मांढरदेवीच्या डोंगराकडे वळतात. पण भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट आपल्या दारातच आहे आणि त्याच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. शिरगावच्या परिसरात उगम पावणारी नीरा पूर्वेकडे निघते, नीरा-देवघरच्या जलाशयातून भोरला येते, नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि शेवटी कृष्णेच्या पोटातून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस शिवथरच्या खोऱ्यातून सावित्रीला मिळतो आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात उतरतो. सावित्रीच्या मुखाशी उत्तरेला हरिहरेश्वर आहे, दक्षिणेला बाणकोट. समुद्राकाठाने पायी फिरायची ज्यांना हौस आहे, त्यांनी पहिल्यांदा हीच वाट धरावी असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे असे आपण शाळेत शिकलो, पण त्याला लागून सलग पायवाट नाही. मध्ये खाड्या येतात, कडे येतात, खाजगी वाड्या येतात. चालणाऱ्याला तुकडे जोडत जावे लागते. हरिहरेश्वरच्या मंदिरामागच्या टेकडीला समुद्राच्या कातळावरून घालायची प्रदक्षिणा, तिथून बागमांडल्याचा धक्का, गाड्याही नेणाऱ्या जंगल बोटीने खाडीपलीकडचे वेश्वी, मग बाणकोटचा किल्ला आणि शेवटी वेळासची पुळण, असा दोन दिवसांचा तुकडा छान जुळतो. कातळ, खाडी, किल्ला आणि वाळू हे सगळे त्यात येते. चढ फारसा नाही. ज्यांनी रायरेश्वर चढला आहे त्यांच्या पायांना यात जड असे काही नाही.

आणि नेमकी इथेच काळजी घ्यायची आहे. घाटावरचा माणूस वाटेची अवघडाई चढावरून मोजतो. किती उभी आहे, किती लांब आहे, पाणी कुठे आहे, एवढे कळले की तो निघतो. समुद्रवाटेला चौथी गोष्ट लागते: वेळ. आपल्या भाटघरचे पाणी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत महिन्यामहिन्याने उतरत जाते आणि पावसाळ्यात पुन्हा चढते. समुद्र तेच काम सहा तासांत करतो, दिवसातून दोनदा. सकाळी ज्या कातळावर बसून तुम्ही दशम्या सोडल्या, तिथे दुपारी पुरुषभर पाणी असू शकते. म्हणून वाट, मुक्काम, गाडी यांचा विचार करण्याआधी कॅलेंडरवरची तिथी पाहा.

कोकणात जुन्या माणसांचा एक साधा हिशेब आहे. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, भर दुपारी ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या तोंडावर समुद्र भरलेला आणि पहाटे-संध्याकाळी रिता. हा हिशेब तासाभराने इकडेतिकडे होतो. म्हणून दिवस निवडायला तिथी वापरा, पण कातळावर पाऊल टाकण्याची वेळ ठरवायला छापील किंवा मोबाइलवरचे भरती-ओहोटीचे तक्तेच पाहा. तक्ता मुंबईचा असेल तर लक्षात ठेवा, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या उतरतात असे नाही. एकीला पाणी खूप मागे जाते, दुसरीला कमी.

आता पाणी किती उतरते तेही तिथीवरच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो: पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईकडे उधाणाला चार मीटरच्या वर चढउतार होतो. दक्षिणेकडे सरकू तसा तो कमी होत जातो, तरी हरिहरेश्वरला तो माणसाला बुडवायला पुरेसा आहे.

हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले की उत्तर आपोआप निघते. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खोल असते खरी, पण ती येते अंधुक उजेडात. अष्टमीला ती भर उन्हात येते आणि कातळ पुरता उघडा पडत नाही. यांच्या मधल्या तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिथी चालणाऱ्यासाठी उत्तम. चतुर्थीला तिनाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. उधाण नुकतेच ओसरलेले असल्यामुळे पाणी चांगले मागे गेलेले, ऊन कोवळे, आणि परतायला सगळा दिवस हाताशी. विनायकी असो वा संकष्टी, दोन्ही सारख्याच. महिन्यात असे दोन सोयीचे गट मिळतात. त्यातला एखादा रविवारला लागून आला की सुट्टी टाका.

याची दुसरी बाजू मला जास्त कळकळीने सांगायची आहे. महाशिवरात्र ही कायम वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे महाशिवरात्रीच्या सकाळी, जेव्हा दर्शन घेऊन लोक प्रदक्षिणेला वळतात, नेमका त्याच वेळी समुद्र भरत आलेला असतो आणि तोही उधाणाचा. त्रिपुरी पौर्णिमेला तेच, सोमवती अमावास्येला तेच. ज्या दिवशी भाविक सर्वात जास्त, त्या दिवशी सकाळची वाट सर्वात धोक्याची. आपल्या गावातून शिवरात्रीला जीप करून हरिहरेश्वरला जाणारी मंडळी असतात. त्यांना हे आवर्जून सांगा. दर्शन त्या दिवशी घ्यावे, प्रदक्षिणा संध्याकाळची ओहोटी गाठून उजेड असेपर्यंतच करावी, आणि तेवढा उजेड हाताशी नसेल तर दुसऱ्या खेपेसाठी ठेवावी. देव रागावत नाही.

पाणी चढते ते एकसारख्या वेगाने नाही, हेही माहीत हवे. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. ओहोटीनंतर पहिला तास समुद्र थबकल्यासारखा वाटतो, माणूस निवांत होतो, फोटो काढत बसतो आणि मग पाणी एकदम वेग घेते. त्यामुळे ओहोटीच्या वेळेच्या तास-सव्वा तास आधी कातळावर उतरावे, आणि ओहोटी पूर्ण होऊन अर्धा तास व्हायच्या आत वर यावे. चतुर्थीच्या हिशेबाने सकाळी पावणेआठ-आठला उतरायचे आणि साडेनऊपर्यंत बाहेर. त्या आधी दर्शन उरकलेले बरे.

दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची लिंगरूपे आहेत. श्रीवर्धन इथून जवळच, आणि श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. त्या घराण्याचे हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावाच्या काळात मंदिराचा जीर्णोद्धार झाल्याचे सांगतात. भोर संस्थानचा इतिहास ज्यांना घरच्यासारखा आहे, त्यांना पेशव्यांच्या या मूळ मुलखात पाय ठेवताना वेगळे वाटेल.

मंदिराच्या मागून वाट आधी टेकडीवर चढते. थोडे वर गेले की दगडी पायऱ्या कातळाच्या अरुंद फटीतून समुद्राकडे उतरू लागतात. दोन्ही बाजूंना काळा कातळ, समोर उजेडाची उभी चीर आणि खालून लाटांचा आवाज. पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बाजूला हात टेकत, एकेक पायरी घेत उतरावे. इथल्या शेवटच्या पायऱ्यांवर थांबणे हा या सगळ्या वाटेवरचा सर्वात महत्त्वाचा क्षण आहे. खाली उतरू नका. दहा-पंधरा मिनिटे उभे राहून समुद्र पाहा.

काय पाहायचे? लाटा सारख्या येत नाहीत. काही लहान येतात, मग दोन-चार मोठ्या पाठोपाठ येतात, मग पुन्हा शांत. त्या मोठ्या लाटांचे पाणी कातळावर कुठपर्यंत पोचते ते नजरेत धरा. कातळाचा ओला, गडद दिसणारा भाग आणि कोरडा, करडा भाग यांच्यामध्ये एक रेघ दिसते. तुमची वाट त्या रेघेच्या वर कोरड्यातून जात असेल तर चला. मोठी लाट वाट ओलांडून आतपर्यंत येत असेल तर तक्त्यात ओहोटी लिहिली असली तरी परत फिरा. तक्ता चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो. दूरवरच्या वादळाने उठवलेल्या लाटांचा हिशेब त्यात नसतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही अशा लाटा किनाऱ्याला येऊन धडकतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते. ते निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी बघायची सवय लावा. आणि मंदिराजवळच्या दुकानदाराने किंवा पुजाऱ्याने 'आज जाऊ नका' म्हटले, तर तो शब्द अखेरचा. वाटेवर इशाऱ्याचे फलक आहेत, ते उगाच लावलेले नाहीत. या कातळावरून लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

पाणी पुरेसे मागे असेल तर पुढचा तास तुमचा. टेकडीच्या पायाला लाटांनी हजारो वर्षे घासून रुंद ओटा केला आहे. दगड आपल्या ओळखीचाच, तोच काळा बेसाल्ट. पण राजगडावर जो दगड ऊन-पावसाने झिजतो, तो इथे मिठाने कोरला जातो. खारे पाणी दगडाच्या बारीक भेगांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटत जातो. त्यातून कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत. कुठे हात जाईल एवढी, कुठे माणूस बसेल एवढी. गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणे वाटेत दाखवतात. खळग्यांत अडकलेल्या पाण्यात छोटे मासे, शंखातले खेकडे, फुलासारखे उघडमीट करणारे समुद्रफूल दिसते. पाहा, पण हात घालू नका. काहींना काटे असतात, काहींच्या स्पर्शाने कातडीला आग होते.

चालताना पाय कुठे ठेवायचा याची एक खूण. कोरडा करडा दगड घट्ट धरतो. हिरवे शेवाळ दिसते म्हणून टाळता येते. खरा धोका काळपट, चकाकणाऱ्या पातळ थराचा. तो ओल्या दगडासारखाच दिसतो आणि त्यावरून पाय सटकन जातो. कालवांचे कवच चिकटलेला दगड निसरडा नसतो, पण त्यावर पडलात तर तळहात सुरीने कापल्यासारखा कापतो. प्रदक्षिणा अनवाणी करण्याची काहींची श्रद्धा असते. ती मोडा असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी कालवांच्या पट्ट्यात तरी पादत्राण घालावे आणि अकराच्या पुढे तापलेल्या कातळावर अनवाणी थांबू नये. इतरांनी मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल किंवा जुने कापडी बूट घालावेत. स्लीपर नको.

समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. या वाटेचा हा सगळ्यात मोठा नियम आहे आणि फोटोच्या नादात तोच पहिल्यांदा मोडला जातो. फोटो काढणारा कड्याकडे आणि उभा राहणारा समुद्राकडे अशी जागा धरली की उभा राहणाऱ्याची पाठ नेमकी लाटेकडे येते. कड्याच्या भिंतीला टेकून, कोरड्या रेघेच्या वर उभे राहून फोटो काढा. गट असेल तर एक अनुभवी माणूस पुढे, एक मागे, आणि मागच्याच्या हातात घड्याळ. ठरलेली वेळ झाली की त्याने म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. लहान मुले कडेवर घेऊन इथे येऊ नये. ज्येष्ठांनी मंदिर आणि किनाऱ्याची पुळण एवढ्यावर समाधान मानले तरी त्यांना समुद्र पुरेपूर भेटतो.

कोणी पाण्यात गेलेच, तर त्याच्या मागे उडी टाकायची नाही. नीरेच्या डोहात पोहणारा माणूसही कातळाला आपटणाऱ्या लाटेत टिकत नाही. आणि एकाच्या मागे दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गटात दहा-बारा मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन असू द्या. ते फेकता येते, त्यावर माणूस तरंगतो. पाण्यातल्या माणसाला ओरडून सांगा की कातळाकडे झुंजू नको, मागे सरून तरंगत राहा. मदतीसाठी ११२, सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८. कड्याच्या आड मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकाने लगेच वर धावावे.

प्रदक्षिणा संपवून सकाळच्याच वेळात न्याहारी करा. हरिहरेश्वरात घरगुती खानावळी आणि राहण्याची सोय भरपूर आहे, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासही आहे. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. नंतर बागमांडल्याकडे निघा. रस्त्याने हे अंतर पाचेक किलोमीटर. एका बाजूला खाडी उघडत जाते. दुपारचे ऊन टाळायचे असेल तर मुक्कामावर विश्रांती घेऊन चारनंतर निघाले तरी चालते. फक्त जंगल बोटीची शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि हवा बिघडली की फेऱ्या थांबतात.

बागमांडला ते वेश्वी हे पाणी काही मिनिटांत पार होते. जंगल बोटीत गाड्या, म्हशींचे खाद्य, शाळेची मुले, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका सगळे एकत्र असतात. वरच्या कट्ट्यावर उभे राहून मुखाकडे पाहा. शांत वाटणाऱ्या या पाण्यात नदीचा ओढा आणि भरतीचा लोंढा एकमेकांवर येतात आणि मुखाशी वाळूचा दांडा साचतो. जुन्या काळी इथे होड्या उलटत. महाबळेश्वरचे आर्थर सीट ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी याच बाणकोटच्या मुखाशी होडी बुडून गेल्याचे सांगतात. म्हणून खाडीत पोहण्याचा मोह टाळा, आणि ओहोटीच्या वेळी तर पाण्यात उतरूच नका, कारण तेव्हा सगळा ओढा समुद्राकडे असतो. खाडीकाठचा चिखलही फसवा असतो, त्यात मांडीपर्यंत पाय जातो.

वेश्वीहून बाणकोटची वाट खाडीच्या काठाने जाते. वस्ती, माडांच्या वाड्या, सुकत घातलेली जाळी. जाळ्यांवरून चालू नका आणि माणसांचे फोटो विचारून काढा. बाणकोटचा किल्ला वर टेकडीवर, जांभ्या दगडाचा, आटोपशीर. आंग्र्यांच्या काळातला हा हिंमतगड. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या मोहिमेत तो पडला, पुढच्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने इंग्रजांकडे राहिला आणि त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार बोलावले, त्याचे हे एक फळ. तटावर उभे राहिले की पलीकडे हरिहरेश्वरची टेकडी दिसते. सकाळी जिच्या पायाशी तुम्ही चाललात ती सगळी कातळवाट इथून एका नजरेत येते, आणि भरती असेल तर ती कुठे गेली हेही कळते. समुद्रवाटेचा धडा शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. तटाच्या कडेला दगड सुटे आहेत, तेवढे सांभाळा.

मुक्काम वेळासला करावा. वेश्वीपासून किल्ला पाहून वेळासला पोचायला चालत अर्धा दिवस धरा. बोट उशिरा मिळाली असेल तर बाणकोट-वेळास दुसऱ्या दिवशी सकाळी करा, अंधारात रस्त्याने चालू नका. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. वाईजवळचा त्यांचा मेणवलीचा वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे, आता मूळ गावही पाहून होते. पण अलीकडे गावाचे नाव झाले ते कासवांमुळे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री पुळणीवर येऊन खड्डा करून अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मिळतात. मिळतीलच असे नाही, आणि त्यासाठी कोणावर घाई करू नये.

या हंगामात पुळणीवर चालण्याची रीत वेगळी आहे. भरतीच्या रेघेच्या वरच्या कोरड्या, मऊ वाळूतून चालू नका, घरटी तिथेच असतात. खालच्या ओल्या वाळूवरून चला. ते तुमच्या पायांनाही बरे. मऊ वाळूत चालायला घट्ट जमिनीच्या दुपटीच्या आसपास शक्ती लागते आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. रात्री पुळणीवर विजेरी, मोबाइलचा उजेड, शेकोटी काही नको, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने जातात आणि समुद्राऐवजी गावाकडे वळतात. कुत्रा बरोबर नेऊ नका. मर्यादवेलीची जांभळी फुले दिसतील, ती वेल वाळू धरून ठेवते, ती तुडवू नका. जेवण-राहणे गावातल्या घरांतच होते. आधी फोन करून सांगावे आणि रोख पैसे जवळ ठेवावेत.

कोकणातले ऊन आपल्याकडच्यासारखे नसते. भोरला घाम येतो तसा वाळतो. इथे हवेत ओल असते, घाम अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहा. दिवसाला माणशी तीन लिटर धरा आणि त्यातले थोडे मीठ-साखर घालून. ताक, कोकम सरबत, सकाळी पेज मिळाली तर सोडू नका. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा पाणी जरा शांत असते. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि लाटा वाढतात. सकाळी चाला, दुपारी थांबा. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एक कोरडा कपड्यांचा जोड आणि फोनसाठी घट्ट प्लास्टिकची पिशवी एवढे पुरे. पाठीवरचे ओझे हलके ठेवा, कातळावर तोल सांभाळायचा असतो.

हंगाम म्हणाल तर कार्तिकापासून माघापर्यंतचा. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जाणारेही दर्याला मान देऊन थांबतात. ज्या पाण्यात त्यांच्या होड्या उतरत नाहीत, त्याच्या काठावरच्या कातळावर आपण उतरण्याचे काही कारण नाही. श्रावणी सोमवारी मंदिरात जा, प्रदक्षिणेला नको.

जाण्यायेण्याचे थोडे सांगतो. भोरहून वरंधा घाटाने महाड, तिथून म्हसळा-श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर असा प्रवास. पहिला दिवस त्यातच जातो असे धरा आणि चालायला दुसऱ्या सकाळपासून सुरुवात करा. म्हणजे तृतीयेला निघायचे, चतुर्थीला प्रदक्षिणा, पंचमीला वेळास. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाटातली वाहतूक बंद ठेवली जाते. तो बंद असल्यास वाई, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरता येते. परतताना वेळासहून मंडणगड गाठून महाडकडे यायचे. वाटेतल्या म्हाप्रळ-आंबेत पुलावरची वाहतूक दुरुस्तीसाठी बंद राहिल्याचे प्रसंग झाले आहेत, तेव्हा मंडणगडच्या स्थानकावर चौकशी करूनच पुढे निघा. पूल बंद असेल तर पुन्हा वेश्वीच्या जंगल बोटीने बागमांडल्याला यावे लागेल, त्याची वेळ हाताशी ठेवा. वरंधा घाट दिवस मावळायच्या आत चढून यावा. वळणे अरुंद आहेत, संध्याकाळी धुके उतरते आणि शिरगावपर्यंत मदत मिळेल अशी वस्ती विरळ आहे.